सिडाम सरांची जाम सायकल

सिडाम सर गेले त्याला आता एक उन्हाळा उलटला. त्यांची आठवण आली की आधी चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. येते ती गावाबाहेरच्या पुलियाच्या कठड्यावर बसलेली एक आकृती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि खडूची पेटी, आणि डोळे रस्त्याच्या वळणाकडे.

सर चंद्रपूर जिल्ह्यात कोरपन्याच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत. शाळा मोठ्या रस्त्याला लागून, सरांचं गाव तिथून चारेक किलोमीटर आत. मधे कापसाची शेतं, एक नाला, आणि सिमेंटच्या कारखान्यांमुळे झाडापानांवर बसलेली पांढुरकी धूळ. सरांचा डावा पाय रांगत्या वयातच पोलिओनं गेला होता. चालताना ते डावा तळहात गुडघ्यावर ठेवून पाय मागे दाबत आणि मग उजवा पाय पुढे टाकत. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पँटचा डावा गुडघा तळहाताएवढा घासून फिकट झालेला असे. पोळ्याला नवी पँट शिवली तर दिवाळीपर्यंत तिच्यावर हाताची खूण तयार.

अशा पायावर रोज शाळा गाठणं शक्य नव्हतं. म्हणून सर पुलियावर येऊन बसत आणि मोठ्या रस्त्याकडे जाणारा जो कोणी येईल त्याच्या मागे बसून शाळेत येत. कधी दूधवाला, कधी पाळीवर निघालेला कारखान्यातला कामगार, कधी कापसाचा ट्रॅक्टर, कधी शाळेतलेच दुसरे शिक्षक. पुढे पुढे त्यांचे जुने विद्यार्थी. आपल्यासाठी कोणाला ताटकळावं लागू नये म्हणून ते शाळेच्या कितीतरी आधी तिथं येऊन बसत. गाडी दिसली की हात दाखवत नसत, फक्त गुडघा धरून उभे राहत. ते उभे राहिले की लोक थांबत.

"पाठ पाहून मानूस कळते," असं ते म्हणत. एक दूधवाला बायकोशी भांडून निघाला की कोणत्या खड्ड्यावरून गाडी मुद्दाम घालतो, हे त्यांना ठाऊक होतं. एका तरुण शिक्षकाला सर मागे बसले की जास्तच हळू चालवण्याची सवय होती. सर म्हणत, "याच्या मागं बसलो का मले वाटते, मी अंड्याचा ट्रे होय." पण शाळेच्या फाटकाशी उतरल्यावर सगळ्यांना एकच वाक्य असे, "उपकार झाले, भाऊ." सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

वर्गात सर फळ्याला खांदा टेकवून उभे राहत. त्यांना वाकता येत नसे, त्यामुळे त्यांचं सगळं लिहिणं फळ्याच्या वरच्या अर्ध्यात. उदाहरण लांबलं की ते खडू पुढे करत आणि ज्याला ते येत नसे नेमका त्यालाच उठवत. "खालचं तू लिही." खालचा फळा पोरांचा होता. माझे वडील लोकांची गुरं राखायचे, घरात कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. कोणी बघत असताना उभं राहून काही लिहायचं, ही गोष्ट मी पहिल्यांदा त्या खालच्या अर्ध्या फळ्यावर केली. उत्तर चुकलं तर सर पुसत नसत. म्हणत, "राहू दे. वाट चुकली तरी चाललास ना? पोचू."

'पोचू' हा त्यांचा शब्द. पेपर कठीण गेला, पाऊस लागला, एसटी आली नाही, सगळ्यावर एकच उत्तर, "पोचू बा."

मी पदवीधर झालो तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि पाय धरायला वाकलो. सर घाईनं भिंतीला टेकले. "पाय नको धरू, लेका. पडीन मी." मी ओशाळलो, ते हसले. मग पेढा हातात घेऊन म्हणाले, "अन् धन्यवाद-बिन्यवाद काई नको. ते शब्द मायाकडे लय झाले."

मला वाटलं, सर विनय दाखवत आहेत.

माझ्या वर्गात जमील शेख होता. दहावीचं गणित त्याच्याकडून दोनदा सुटलं नाही. तिसऱ्या वेळी सरांनी रोज शाळा सुटल्यावर त्याला बसवून घेतलं आणि काढलं एकदाचं बाहेर. त्यानं शाळेच्या फाटकासमोरच सायकल-मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान फाटकासमोर का, असं कोणी विचारलं तर सांगायचा, "सर सुटले का घरी सोडाले कोनी पायजे ना." संध्याकाळी सरांना कोणाची वाट बघावी लागत नसे. जमील हातातलं चाक खाली ठेवून उठायचा. गिऱ्हाईक थांबायचं. सरांना ते थांबलेलं गिऱ्हाईक दिसायचं.

सरांच्या निवृत्तीला थोडा काळ उरला होता तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कल्पना निघाली की सगळ्यांनी मिळून सरांना बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी द्यायची. सगळे एका दिवसात तयार झाले. जमील सगळ्यात पुढे. मी तोवर चंद्रपूरला एका कार्यालयात नोकरीला लागलो होतो. मीही लगेच हो म्हटलं.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला.

"तो गाडीचा बेत थांबव," ते म्हणाले. "पोरं प्रेमानं करून राह्यले, समजते मले. पन थांबव."

मी विचारलं, काऊन सर?

ते म्हणाले, "कोनाच्या मागं बसतो तं उतरलो का ते फिटते. हे गाडी दारात उभी राहीन. रोज तिच्यावर बसाचं अन् रोज साऱ्याईचे तोंडं आठवाचे. नाई बा. थकलो मी."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

"त्यापरीस एक सायकल पाहून दे. पैसे माये, पाय माये. तू फक्त पाह्यचं. अन् जमीलले सांगू नको, तो पैसे घेनार नाई."

सरांनी जन्मात सायकल चालवली नव्हती. त्यांनीच खुलासा केला. लहानपणी त्यांच्या मामाच्या सायकलची मागची फ्रीव्हील एकदा जाम झाली. साध्या सायकलवर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि मागून टिकटिक आवाज येतो, तो फ्रीव्हीलचा. ती जाम झाली की चाक फिरेल तोवर पायडलही फिरतच राहणार. मामानं भाच्याला सीटवर बसवलं, पाय पायडलवर ठेवले आणि सायकल हातानं ढकलत गावातून नेली. "हा पाय आपोआप वर आला, आपोआप खाली गेला," सर म्हणाले. "तोवर त्या पायाले मीच उचलत होतो. त्या दिवशी त्यानं मले उचललं." दुसऱ्या दिवशी मामा बाजाराला गेला आणि फ्रीव्हील नवी टाकून आला. भाचा का रडतो आहे ते घरात कोणाला कळलं नाही.

"आता मोबाइलवर पाह्यलं तं तशी सायकल मुद्दाम बनवून राह्यले म्हनते लोक. तेच पाह्यजे मले. जाम सायकल."

सरांनी नको म्हटलं, एवढंच ग्रुपवर सांगून मी गाडीचा बेत थांबवला. पुढचे कित्येक दिवस मी कार्यालयातून आलो की सायकलीच बघत बसे. त्या सायकलला फिक्स गिअर म्हणतात, एवढं कळलं. मोठ्या शहरांतली हौशी मुलं ती घेतात. पायांना क्षणाची सुटी नाही, यातच त्यांना मजा वाटते. मी फोटो पाठवायचो, सर बोलून उत्तर पाठवायचे. पहिली सायकल दिसायला फार सुंदर होती, पण तिला ब्रेकच नव्हते.

"हे थांबते कशी?"

मी सांगितलं, पायानं उलटा जोर लावून.

"कोनत्या पायानं?"

त्यानंतर मी दोन्ही ब्रेक असलेल्याच सायकली बघितल्या. दुसऱ्या एकीचे टायर बोटाएवढे. सर म्हणाले, हे मुरमावर दोन दिवस टिकणार नाही. तिसरीचं हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं. "वाकून रस्त्यावर काय शोधाचं हाये मले?" चंद्रपूरच्या एका दुकानदारानं गिअरची सायकल गळ्यात मारायचा प्रयत्न केला. दुसरा म्हणाला, जुन्या सायकलच्या फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून देतो, सगळ्यात स्वस्त काम. पण मागे जोर लागला की ती फ्रीव्हील आट्यांवरून सुटून येऊ शकते, असं मी वाचलं होतं. सरांना ते सांगितलं, तर त्यांनी जणू फळ्यावर खाडाखोड केली, "कट."

शेवटी जी ठरली ती सगळ्यांत साधी होती. लोखंडी फ्रेम, सरळ हँडल, दोन्ही ब्रेक, जाडसर टायर, आणि उंची एवढी कमी की सीटवर बसल्या बसल्या सरांचा उजवा पाय जमिनीला टेकावा. स्वस्त सायकलींत असतं तसं तिच्या मागच्या चाकाला दोन बाजू होत्या. एका बाजूला जाम चक्री, दुसऱ्या बाजूला साधी फ्रीव्हील. चाक काढून उलटं बसवलं की सायकल नेहमीसारखी. मी म्हटलं, शिकताना जड गेलं तर तीही सोय आहे.

"ते बाजू आपल्या कामाची नाई," सर म्हणाले. "उजवं पायडल खाली गेलं का वर आनाले डाव्या पायाचा जोर लागते. तो हाये कुठं?"

खोकं चंद्रपुरात आलं. सर स्वतः आले, सायकल जोडून घेतली, काळी-पिवळी टॅक्सीच्या टपावर बांधली आणि निघून गेले. मी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. मला त्यांनी हातसुद्धा लावू दिला नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत ते शिकले. डावा पाय आखूड, म्हणून त्या बाजूच्या पायडलवर त्यांनी सागाचा ठोकळा बसवला आणि पाय निसटू नये म्हणून दप्तराचा जुना पट्टा. पट्ट्यात पाय अडकला की निघायला आणि थांबायला काहीतरी धरावंच लागे. पडायचं झालं तर उजव्या बाजूला पडायचं, असा त्यांचा नियम होता. बाई, म्हणजे त्यांची पत्नी, मागून कॅरिअर धरून खळ्यात धावायच्या. मी एका रविवारी गेलो तेव्हा सर नुकतेच पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या ढिगात जाऊन पडले होते आणि बाई त्यांच्या सदऱ्यातून काड्या वेचत होत्या.

"जिंदगीभर लोकाईच्या मागं बसले," बाई मला म्हणाल्या, "आता सायकलीच्या मागं लागले. म्हातारपनी हाडं मोडून मायाच गळ्यात पडनार हायेत हे."

"पोचू," ढिगातून आवाज आला.

मला आठवतो तो त्यांचा डावा पाय. खळ्याच्या कडेनं सायकल फिरत होती. उजवा पाय जोर लावत होता, आणि डावा ठोकळ्यावर बसून वर येत होता, खाली जात होता, पुन्हा वर. तो दमत नव्हता, कारण तो काहीच करत नव्हता. सर मात्र घामानं निथळत होते. पाय थांबवून क्षणभर विसावा घ्यावा म्हटलं तर या सायकलवर ती सोय नाही. मी विचारलं, सर, थकायला होत नाही?

"होते ना," ते म्हणाले. "पन हा थकवा मायाच होय."

शाळा उघडली त्या दिवशी मधल्या सुटीत त्यांचा फोन आला. मी कामात होतो. ते एकच शब्द बोलले.

"आलो."

संध्याकाळी मी मुद्दाम फोन केला, तर उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारच्या आधी जमीलचाच फोन आला. सर रजेवर आहेत, पाय सुजला आहे, भेटायला चल म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

रविवारी दोघं गेलो. सर बाजेवर पडलेले. सायकल ओसरीत भिंतीला लावलेली. जमीलनं केळी बाजेपाशी ठेवली आणि विचारलं, "सर, सायकल ठीक चालून राह्यली ना?"

सर म्हणाले, "हो बा. मस्त."

बाईंना ते सहन झालं नाही. "कायची मस्त? तुया उपकारानं पाय सुजला त्याईचा."

मग सगळं उलगडलं. त्या दिवशी सकाळी सर सायकलवर आले आणि फाटकाच्या खांबाला धरून उतरले, तेव्हा जमीलचं दुकान उघडायचं होतं. दुपारी त्यानं सरांची नवी सायकल पाहिली. सरांनी ती आपल्याकडून घेतली नाही याचं त्याला वाईट वाटलं. तरी त्यानं ती कौतुकानं पुढे ढकलून पाहिली, तर पायडल आपोआप फिरायला लागलं. त्याला वाटलं, विकणाऱ्यानं सरांना फसवलं, चाकच उलटं जोडून दिलं. सरांना कळायच्या आत त्यानं चाक काढून फिरवून बसवलं, तेलपाणी केलं, पुसून लख्ख केली. शाळा सुटल्यावर सर आले तेव्हा चार पोरं जमवून तो बाजूला उभा होता.

सरांनी सायकल खांबापासून ओढली आणि मागून टिकटिक आवाज आला.

ते त्या आवाजानंच समजले. जमीलनं आनंदानं सांगितलं, सर, जाम होती, मी ठीक केली, पैसे-बैसे काही नाही. सर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उपकार झाले, बेटा." आज जरा पायी जातो, असं सांगून त्यांनी सायकलच्या आधारानं चालायला सुरुवात केली. वाटेत दूधवाला थांबला, कामगार थांबले. प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की चाकात हवा कमी आहे. नाल्याचा चढ, कापसाची शेतं, सगळा रस्ता सर त्या पायावर चालत आले, आणि शेजारी ती सायकल टिकटिकत राहिली. घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता.

बाई बोलायच्या थांबल्या. जमील खाली बघत होता. "सर, त्याच वक्ताले सांगायचं ना मले," तो म्हणाला. "एक शिवी द्यायची."

सर उठून बसले. पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला.

"काय सांगू? तू किती खूश होता." मग म्हणाले, "जमील, तुया मागं बसलो ना मी, तं तू कधी खड्ड्यात गाडी घातली नाई. तुयी पाठ चांगली हाये, लेका. पन मले आता कोनाची पाठ नाई पाह्यची. शाळेत जावं, यावं, अन् कोनाले काई म्हनावं नाई लागलं पाह्यजे. एवढंच पाह्यजे मले. जास्त हाये का?"

जमील उठला. गाडीच्या डिकीतून पाना आणला, ओसरीत सायकल उलटी केली, चाक काढलं, फिरवलं आणि जाम बाजू पुन्हा लावली. साखळी ताणून पाहिली. हातानं पायडल फिरवलं, तर चाक निमूट फिरलं. टिकटिक बंद झाली. सगळं होऊन तो हात पुसत दाराकडे निघाला.

"मजुरी?" सर म्हणाले.

जमील थांबला. माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे त्याला दहावीच्या पेपरापेक्षा कठीण जात आहे. सरांनी उशाखालून पाकीट काढून हात पुढे केला होता, आणि तो तसाच राहिला. शेवटी जमील परत आला, गिऱ्हाइकाकडून घेतो तशी मजुरी घेतली आणि खिशात घातली.

"परत द्याले सुटे नाई मायाकडे," तो पुटपुटला.

"मंग उद्या देजो," सर म्हणाले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सर सायकलवर शाळेत आले. सुरळीत आले असं नाही. नाल्याच्या उतारावर पायडल जोरात फिरत आणि डावा पाय वेडावाकडा हाले, म्हणून ते दोन्ही ब्रेक धरून उतरत. खालच्या पुलाचा कठडा पकडून थांबत, पट्टा सोडत आणि चढ पायी चढत. सिमेंटचे ट्रक धूळ उडवून जात. शाळेत पोचल्यावर ते बराच वेळ स्टाफरूममध्ये डोळे मिटून बसत. सहकारी म्हणत, कशाला हा त्रास. जमीलचं दुकान समोरच होतं. तो हातातलं चाक खाली ठेवत नसे. ते न ठेवणं त्याला किती जड जात होतं, हे तो मला फोनवर सांगे.

निरोपाच्या दिवशी आम्ही बरेच जण गेलो होतो. भाषणं लांबली. ऊन कलायला आलं. काही मुलांनी फुलांनी सजवलेली जीप आणली होती. सरांनी जीपला हात लावून बघितला, चांगली सजवली म्हणाले, हार त्यातच ठेवले आणि कडुनिंबाखाली लावलेल्या सायकलकडे गेले. जमील दुकानातच बसून होता.

सरांनी झाडाला हात टेकला, सायकल मागे-पुढे करून उजवं पायडल वर आणलं, डावा पाय उचलून ठोकळ्यावर ठेवला, पट्टा आवळला. मग झाड सोडलं.

मी फाटकापर्यंत गेलो. सर मोठा रस्ता सोडून गावाच्या वाटेला लागले होते. पाठ किंचित वाकलेली, सदरा घामानं चिकटलेला. त्यांची पाठ अशी पुढे जाताना मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो, आजवर तेच दुसऱ्यांच्या बघत आले होते. डावा पाय वर येत होता, खाली जात होता.

मागून एक मोटारसायकल आली. चालवणारा ओळखीचा असावा. सरांना पाहून त्यानं वेग कमी केला आणि त्यांच्या बाजूला जवळजवळ थांबलाच.

सरांनी मान वळवली नाही. डावा हात हँडलवरून उचलला, आणि त्याला खूण केली, जा पुढे.